बोथ्याच्या घाटातले अस्वल

मागच्या पावसाळ्यात माझी सातवीत शिकणारी पुतणी गृहपाठाची वही घेऊन माझ्याकडे आली. प्राण्यांची इंग्रजी नावे आणि त्यांचे मराठी अर्थ लिहायचे होते. ‘स्लॉथ बेअर’ या नावासमोर तिने शब्दकोश पाहून ‘आळशी अस्वल’ असे वळणदार अक्षरात लिहिले होते आणि ते बरोबर आहे ना, असे ती मला विचारत होती. ओसरीवर तिचे आबा, म्हणजे माझे मोठे बाबा, बसलेले होते. त्यांच्या उजव्या भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत एक रुंद व्रण आहे आणि त्या बाजूचा डोळा कायमचा मिटलेला आहे. नात मोठ्याने वाचत होती तो शब्द त्यांनी ऐकला आणि ते म्हणाले, “आळशी? कोन म्हन्ते त्याले आळशी?”

त्या दिवशी मी तिला घाईघाईत अर्धेच उत्तर दिले. ते पूर्ण करावे म्हणून हे लिहीत आहे.

चूक पुतणीची नव्हती आणि शब्दकोशाचीही नव्हती. ती सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. १७९१ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी आपल्याकडच्या अस्वलाचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा लांब, वाकडी नखे आणि दातांची वेगळी ठेवण पाहून त्यांनी त्याला स्लॉथांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या झाडांवर राहणाऱ्या मंद प्राण्यांच्या, कुळात बसवले आणि ‘ब्रॅडिपस उर्सिनस’ हे नाव दिले. ब्रॅडिपस म्हणजे मंद पायांचा आणि उर्सिनस म्हणजे अस्वलासारखा. थोडक्यात, हा अस्वलासारखा दिसणारा स्लॉथ आहे असे त्यांनी ठरवले. दोनच वर्षांनी, १७९३ मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ मेयर यांनी त्याला ‘मेलर्सस’ म्हणजे मधाचे अस्वल म्हटले आणि १८१७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द ब्लेंव्हिल यांनी त्याच्या लांब ओठांवरून आणखी एक नाव सुचवले. आज शास्त्रीय नाव ‘मेलर्सस उर्सिनस’ असे आहे, परंतु इंग्रजी बोलीभाषेत मात्र शॉ यांची ती पहिली समजूत ‘स्लॉथ बेअर’ या रूपाने कायम राहिली. नखे आणि दात एवढेच पाहून ठरवले की काय होते, याचे हे उदाहरण माझ्या मनातून जात नाही, कारण आमच्या गावानेही या प्राण्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त नखांवरूनच ओळखले आहे.

खरा स्लॉथ आपल्याकडे कधीच नव्हता. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पर्जन्यवनांचा रहिवासी असून त्याचे जवळचे नातलग तिकडचे मुंगीखाऊ आणि आर्मडिलो आहेत. त्याची नखे खोदण्यासाठी नसून आकड्यासारखी फांदीला अडकवण्यासाठी आहेत आणि आयुष्याचा बहुतेक काळ तो पाठ खाली करून लोंबकळत काढतो. पाने हेच त्याचे मुख्य अन्न असल्यामुळे त्यातून मिळणारी शक्ती फार थोडी असते. अनेक कप्प्यांच्या पोटात ती पाने पचायला कित्येक दिवस लागतात, म्हणून तो शक्तीचा कणही वाया घालवत नाही. तीन बोटांचा स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदाच, तेही मलविसर्जनासाठी, झाडावरून खाली उतरतो. केसांवरच्या खाचांत हिरवे शेवाळ वाढते आणि तो पानांच्या रंगात मिसळून जातो. माणसापासून जिराफापर्यंत जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांच्या मानेत सात मणके असतात, तीन बोटांच्या स्लॉथच्या मानेत मात्र आठ किंवा नऊ असतात आणि त्यामुळे अंग न हलवता तो मान जवळपास मागेपर्यंत वळवू शकतो. त्याचा मंदपणा हा आळस नव्हे, ती त्याची जगण्याची रीत आहे. पुतणीला मी हे सांगितले तेव्हा तिचा पुढचा प्रश्न साहजिकच असा होता की, मग आपल्या घाटातले अस्वल कसे जगते? घाटाच्या पायथ्याशी जन्मलेल्या मला त्याचे उत्तर चाळिशी उलटल्यावर मिळू लागले होते, याची मला खंत वाटते.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, बोथ्याच्या घाटाच्या खाली आहे. खामगावहून बुलढाण्याला जाणारा रस्ता या घाटातून, ज्ञानगंगा अभयारण्याच्या मधून वर चढतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेतले हे २०५ चौरस किलोमीटरचे पानगळीचे जंगल आहे. साग, सालई, धावडा, अंजन आणि पळस ही तिथली झाडे. उन्हाळ्यात सगळा डोंगर राखाडी होतो आणि खडकांच्या कपारी दुरूनही उघड्या दिसतात. त्या कपारी आणि नाल्यांच्या काठची घाणेरीची जाळी ही अस्वलांची दिवसाची विश्रांतीची जागा. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालून इथे आला तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा झाली. परंतु हे जंगल जाणणारे लोक त्याला आधीपासून अस्वलांचे जंगल म्हणूनच ओळखतात.

मोठ्या बाबांवर हल्ला झाला तो पौष महिन्यात, वीस-बावीस वर्षांपूर्वी. हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज रात्रीच मिळत असे, म्हणून ते रात्रभर शेतात होते आणि पहाटे नाल्याच्या काठाने घरी परतत होते. वारा समोरून होता. चपला चिखलाने जड झाल्या म्हणून त्यांनी त्या हातात घेतल्या होत्या, त्यामुळे पावलांचा आवाज नव्हता. बोरीच्या झुडपाआड अस्वल वारुळात तोंड खुपसून बसले होते आणि दोघांमध्ये दहा-बारा हातांचे अंतर उरेपर्यंत एकालाही दुसऱ्याची चाहूल लागली नाही. ते मागच्या पायांवर उभे राहिले, एकदा पंजा मारला, खाली पडलेल्या मोठ्या बाबांच्या अंगावरून उडी घेऊन नाल्यात उतरले आणि निघून गेले. सगळे काही क्षणांत संपले. त्यानंतरचे दवाखान्यातले महिने, टाके आणि गेलेला डोळा यांविषयी मी इथे लिहीत नाही. त्यांनी स्वतः त्या प्राण्याबद्दल एकच वाक्य वारंवार सांगितले आहे: “त्यानं मले पाह्यलं नाही, अन् म्या त्याले पाह्यलं नाही.” लहानपणी मला हे वाक्य नशिबाला दोष देण्यासारखे वाटत असे. आता वाटते की त्या पहाटेचे इतके अचूक वर्णन दुसरे कोणी केले नसते.

मला अस्वल वाचायला शिकवले ते वन विभागातून निवृत्त झालेल्या एका वनमजुराने. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. शाळेला सुट्टी असे त्या दिवशी ते मला जंगलाच्या कडेने, शेतांच्या धुऱ्यांवरून आणि नाल्यांतून फिरवत. पहिले दोन महिने मला एकही अस्वल दिसले नाही आणि त्याचे मला वाईट वाटत असे. मामांना मात्र दर फेरीत अस्वल दिसत होते, कारण ते प्राणी शोधत नव्हते, त्याने रात्री केलेले काम शोधत होते. “सर, जनावराच्या मांगं नोका लागू,” ते म्हणाले, “वारुळाकडं पाहा.”

वारूळ फोडलेले असेल तर त्यावरून पुष्कळ कळते. अस्वल वारुळाच्या बुडाशी तिरपे भोक पाडते. ते त्याच्या तोंडाएवढे रुंद असते, माती एकाच बाजूला मागे फेकलेली असते आणि भोकाच्या कडेवर नखांच्या समांतर रेघा राहतात. उधई, म्हणजे वाळवी, फार कामसू असते. वारूळ फुटले की ती लगेच ओल्या मातीने भगदाड बुजवू लागते. त्यामुळे भोकाची कड उघडी असेल तर खोदकाम काही तासांपूर्वीचे, ओल्या मातीची पहिली चकती दिसत असेल तर रात्रीचे आणि ती वाळून टणक झाली असेल तर अस्वल कधीच दुसऱ्या नाल्यात गेले, असा मामांचा हिशेब होता. मी तो वहीत लिहून घेतला आणि नंतर स्वतः अनेकदा ताडून पाहिला.

पावलाचा ठसा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दचकलो होतो. मागच्या पायाचा ठसा अनवाणी चाललेल्या ठेंगण्या माणसासारखा वाटतो, कारण अस्वल आपल्यासारखीच पूर्ण टाच टेकवते. पण बोटे जवळजवळ एका सरळ रेषेत असतात आणि पुढच्या पायाच्या ठशात बोटांपासून बरेच पुढे नखांची वेगळी टोके उमटतात. ही नखे सुमारे तीन इंच लांब असतात आणि मांजराच्या नखांसारखी आत ओढली जात नाहीत. मधाचे पोळे असलेल्या झाडाच्या सालीवर वर चढतानाचे ओरखडे आणि खाली घसरतानाच्या लांब रेघा अशी दोन वेगळी अक्षरे सापडतात. विष्ठा पाहावी तर पौषात ती बोरांच्या बियांनी भरलेली, उन्हाळ्यात उंबराच्या बारीक दाण्यांची आणि पावसाळ्याच्या तोंडाला मुंग्यांच्या चकचकीत डोक्यांची असते. बोर, बहावा, टेंभुर्णी यांच्या बिया पोटातून सुखरूप बाहेर पडतात आणि आईझाडापासून दूर कुठेतरी रुजतात. आमच्या धुऱ्यावरची कोणती बोर माणसाने लावली आणि कोणती अस्वलाने, हे आता सांगता येणार नाही.

तोंडाची रचना मला सर्वांत विलक्षण वाटते. शॉ यांनी ज्या दातांवरून गफलत केली तेच दात या जनावराच्या जगण्याची किल्ली आहेत. वरच्या जबड्यात मधले दोन पटाशीचे दात नसतात आणि तिथे एक फट राहते. टाळू खोल असतो. ओठ लांब आणि हलते असतात आणि त्यांची पुढे काढलेली नळी करता येते. नाकपुड्या हव्या तेव्हा बंद करता येतात, म्हणून धूळ आणि चिडलेली उधई आत शिरत नाही. वारूळ फोडल्यावर अस्वल आधी जोराने फुंकर घालून माती उडवते आणि मग त्या फटीतून उधई आत ओढून घेते. हा फुंकण्याचा आणि ओढण्याचा आवाज शांत रात्री शे-दीडशे मीटरवरही ऐकू येतो. मामा त्याला ‘भाता’ म्हणतात आणि लोहाराच्या भात्याखेरीज दुसरी उपमा मलाही सुचत नाही. जगातल्या आठ जातींच्या अस्वलांत असे मुख्यतः उधई आणि मुंग्यांवर जगणारे हे एकटेच आहे. भारत, नेपाळ आणि श्रीलंका एवढेच आता त्याचे घर आहे.

मोठ्या बाबांच्या वाक्याचा अर्थ मला इथे लागला. अस्वलाचे नाक अतिशय तीक्ष्ण असते, नजर आणि कान मात्र बेताचे. वारा उलटा असेल, तोंड वारुळात असेल आणि स्वतःच्याच भात्याचा आवाज कानात भरलेला असेल, तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. आणि जवळ कळले की ते पळत नाही. हरिण पळते, कारण त्याच्याकडे वेग आहे. बिबट्या झाडावर जातो. अस्वलाला अन्न जमिनीत खोदून काढायचे असते आणि त्याच रानात हजारो वर्षे वाघ राहत आला आहे, त्यामुळे उभे राहून अंगावर जाणे हीच त्याने शिकलेली सुरक्षितता आहे. २०१८ मध्ये ताडोब्यात पाणवठ्यावर पिल्लू सोबत असलेल्या एका मादीने वाघाशी झुंज दिली होती, त्याचे चित्रीकरण पुष्कळांनी पाहिले असेल. वाघापुढे जे उभे राहते ते अवचित समोर आलेल्या शेतकऱ्याला वाघापेक्षा वेगळे काय समजणार? ते माणसाला खाण्यासाठी मारत नाही. घाबरून मारते आणि निघून जाते. उभे राहिल्यामुळे पंजा नेमका चेहऱ्यावर आणि डोक्यावर बसतो, म्हणून जखमा इतक्या भयंकर होतात.

हे कळल्यावर गावात वागण्याच्या काही गोष्टी आम्ही ठरवून बदलल्या. पहाटे किंवा संध्याकाळी नाल्याकाठी एकट्याने जायचे नाही. जायचेच असेल तर बोलत, खाकरत, काठी आपटत जायचे. कुत्रा मोकळा सोडायचा नाही, कारण तो अस्वलावर भुंकत जातो आणि ते मागे लागले की धन्याच्याच पायाशी परत येतो. अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकून घ्यायची, असे वनरक्षक सांगतात. मका आणि भुईमूग जंगलाला लागून पेरले की अस्वल येणारच, हेही आता सगळे जाणतात. रात्रीच्या ओलिताचा प्रश्न मात्र आमच्या हातातला नाही. दिवसा वीज मिळाली तर या भागातल्या कितीतरी माणसांचे चेहरे वाचतील, असे मला मनापासून वाटते, आणि ही मागणी मी जिथे संधी मिळेल तिथे मांडतो.

माझ्या लहानपणी अस्वल जवळून पाहायचे ते दरवेशाबरोबर. नाकातून दोर ओवलेले, दात पाडलेले ते जनावर डमरूच्या तालावर दोन पायांवर उभे राहत असे. लेकरांची भीती जावी म्हणून आया त्यांना त्याच्या पाठीवर बसवत आणि त्याचे केस ताईतात घालून गळ्यात बांधत. माझ्याही गळ्यात तसा ताईत होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सारे बंद व्हायला हवे होते, पण प्रत्यक्षात देशातले शेवटचे नाचरे अस्वल सोडवले गेले ते २००९ मध्ये, आणि तोवर पिढीजात हाच धंदा करणाऱ्या कुटुंबांना दुसरे काम मिळवून देण्यासाठी बरीच वर्षे खर्ची पडली. त्या दोरामागे काय वेदना होती हे कळल्यापासून मला तो ताईत आठवला की अस्वस्थ व्हायला होते.

पाठीवर लेकरू बसवण्याची ती रीत कुठून आली असेल, याचा मी विचार केला आहे. खात्रीने सांगता येत नाही. परंतु आपली पिल्ले पाठीवर वाहून नेणारे अस्वल हेच आहे, एवढे खरे. आपल्याकडे उन्हाळ्यात जोड्या जमतात आणि थंडीत, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत, मादी कपारीत किंवा बिळात एक-दोन पिल्लांना जन्म देते. थंड प्रदेशातल्या अस्वलांसारखी लांब झोप हे अस्वल घेत नाही, कारण इथे बाराही महिने काही ना काही खायला असते. दोन-तीन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात ती आईच्या पाठीवर बसूनच. तिच्या खांद्यांवरचे आणि पाठीवरचे लांब, राठ केस त्यांना धरायला उपयोगी पडतात. विदर्भाच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हा काळा घोंगडीसारखा अंगरखा कशाला, असा प्रश्न मला नेहमी पडायचा, त्याचे निदान एक उत्तर तरी मिळाले. पिल्ले सहा-सात महिने किंवा त्याहूनही अधिक काळ अशी फिरतात आणि दीड-दोन वर्षे आईबरोबर राहतात. या सगळ्या काळात खोदून काढलेली उधई आणि शोधलेली फळे यांवर आई स्वतःला आणि त्यांना पोसते.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभागाच्या पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेत मला मचाणावर बसायला मिळाले. सोबत एक वनरक्षक होते. दुपारी तीनला आम्ही वर चढलो आणि चंद्र वर येईपर्यंत मोर, रानडुकरांचा एक कळप आणि दोन नीलगायी एवढेच येऊन गेले. साडेनऊच्या सुमारास डावीकडच्या नाल्यातून भात्याचा आवाज आला. फुंकर, मग ओढ, मग पुन्हा फुंकर. मधूनमधून माती कोसळल्याचा आवाज येत होता. वनरक्षकांनी फक्त बोट वर केले. जवळजवळ पाऊण तास आम्हाला काहीच दिसले नाही, फक्त तो आवाज थांबत, थोडा सरकत आणि दुसऱ्या जागेवरून पुन्हा सुरू होत होता. तेवढ्या वेळात तिने तीन ठिकाणी खोदले, हे सकाळी आम्ही जाऊन मोजले.

मग ती चांदण्यात आली. चाल डुलती, मान खाली, पुढचे पाय थोडे आत वळलेले. थांबून नाक वर करून तिने वारा घेतला तेव्हा छातीवरचा पांढरट पट्टा स्पष्ट दिसला. पाठीवर जो उंचवटा मी केसांचा समजत होतो तो हलला आणि दोन पिल्ले आहेत हे लक्षात आले. एक खांद्यांवर बसलेले, दुसरे पाठीच्या मागच्या टोकाला. ती पाण्याकडे वाकली तशी मागचे घसरून खाली आले, क्षणभर तिच्या पायांत घुटमळले आणि केसांना धरून पुन्हा वर चढले. ती बराच वेळ पाणी प्यायली. पाणवठ्याच्या कडेला आणखी एक वारूळ होते. तिने ते हुंगले, नखांनी एकदा खरवडले आणि सोडून दिले. मग पिल्लांसह चढावर, घाणेरीच्या जाळीत गेली. रात्री दोननंतर वरच्या कपारीच्या दिशेने तो भाता पुन्हा एकदा ऐकू आला.

सकाळी घरी आलो तेव्हा मोठे बाबा ओसरीवर चहा घेत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी मधे काहीच विचारले नाही. शेवटी कप खाली ठेवून एवढेच म्हणाले, “पिल्लं किती होते?”

“दोन,” मी म्हणालो.

“मंग तिले लय खोदा लागत असन.”